चहातला च, चाकातला च

शाळेच्या गणवेशाचा स्कर्ट उलटा करून पाहिला, तर खालच्या पट्टीत थोडं कापड दुमडून ठेवलेलं दिसतं. मुलगी वर्षभरात वाढते, मग तेवढं उसवून स्कर्ट लांब करतात. ते किती ठेवायचं याबद्दल या शिलाई कारखान्यात एकच मत चालतं: ठरलंय त्यापेक्षा पाव इंच जास्त. मत ज्यांचं आहे त्यांना त्यामुळे 'पाव इंच काकू' हे नाव पडलं. तोंडावर नुसतं काकू, पाठीमागे नुसतं पाव इंच.

काकू त्रेपन्न वर्षांच्या आहेत. पंधराव्या वर्षी इथे धागे तोडायला आल्या, मग काजं-बटणं, मग मशीन, आणि गेली अकरा वर्षं कटिंगचं टेबल. कारखान्यात शिलाईची बावीस मशिनं आणि कटिंगचं टेबल एक. टेबलावरची बाई चुकली की बावीस बायका मन लावून चुकीचं शिवतात. त्यामुळे त्या जागेचा तोरा वेगळा. पंखा आधी टेबलाकडे वळतो, चहा आधी टेबलाकडे येतो, आणि टेबलावरच्या बाईला 'जरा सरका' असं कुणी म्हणत नाही.

या अकरा वर्षांत काकूंना वाचता येत नव्हतं. आकडे येत होते. बाकीचं त्या कापडावर खडूने काढून ठेवत: कॉलरला पक्षी, खिशाला मासा, चुण्यांना कंगवा. मालक ऑर्डर तोंडी सांगायचे, काकू चित्रं काढायच्या आणि कापायच्या. अडचण एकच होती. मालकांच्या तोंडात कायम लवंग असायची. एक दिवस लवंगेच्या अलीकडून त्यांनी 'एकोणतीस' म्हटलं आणि लवंगेच्या पलीकडे काकूंना 'एकोणीस' ऐकू आलं. दोनशे चाळीस स्कर्ट दहा इंचांनी आखूड कापले गेले. तिथे पाव इंच कामाला येईना.

मालकांनी लवंग सोडली नाही, कारखाना सोडला. त्यांच्या जागी त्यांचे जावई आले. वय एकतीस, हातात टॅबलेट. पहिल्याच दिवशी बायकांनी त्यांना 'जावईबापू' करून टाकलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की त्यात टोमणा आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही.

जावईबापूंनी तोंडी कारभार बंद केला. नवी पद्धत अशी: ऑर्डर टॅबलेटवर शब्दांत येणार. टेबलावरच्या बाईने ती मोठ्याने वाचायची. टॅबलेट ऐकणार, लिहिलेल्याशी ताडून पाहणार आणि जुळलं की 'कापा' हे बटण हिरवं होणार. तोवर कटिंगच्या मशीनला वीजच मिळायची नाही.

"म्हणजे यापुढे ऐकण्यात चूक व्हायची नाही," जावईबापू म्हणाले.

"माणसाच्या," असं कुणीतरी मागून म्हणालं, पण ते हळू.

सहा आठवड्यांनी परीक्षा ठरली. दहा ऑर्डरी वाचायच्या, आठ जुळायला हव्यात. वाचणाऱ्यांपैकी जो आधी पास होईल त्याचं टेबल. बाकी सगळ्या बायकांनी नाव द्यायला नकार दिला. दिवसभर उभं राहून पाठ कोण मोडून घेणार. नावं आली दोनच. काकू, आणि काकूंच्या धाकट्या जाऊबाई.

जाऊबाई पॅकिंगला होत्या, पण दोन वर्षं टेबलावर काकूंच्या हाताखाली काढलेली, त्यामुळे कापणं त्यांना येत होतं. शिवाय त्या सातवी पास. काकू हरल्या, तर जावईबापूंनी त्यांच्यासाठी जागा ठरवून ठेवली होती: धागे तोडायची. "बसून काम, काकू. आरामाचं," ते म्हणाले. पंधराव्या वर्षी ज्या स्टुलावर बसल्या होत्या ते स्टूलही तिथेच होतं.

ही सगळी सूचना जावईबापूंनी कारखान्याच्या ग्रुपवर लिहून टाकली. काकूंनी रिवाजाप्रमाणे खाली अंगठा पाठवला. ग्रुपवर लग्न कळो, वीज जाणार कळो, की कुणी गेल्याचं कळो, काकूंचा अंगठा येत असे. त्याखाली जाऊबाईंनी काहीतरी लिहिलं. ते संध्याकाळी नातीने वाचून दाखवलं. नात तिसरीत, आणि वाचताना कुठे गाळावं याचं शहाणपण तिला अजून आलेलं नाही.

"'ताईंनी वाचलं काय, न वाचलं काय, अंगठा आहेच.' म्हणजे काय गं आजी?"

"म्हणजे उद्यापासून तू मला शिकवणार," काकू म्हणाल्या.

शिकवणीला वेगळं काही आणावं लागलं नाही. टॅबलेटवाल्या कंपनीचंच वाचन शिकवणारं ॲप नातीच्या शाळेत होतं आणि ते फोनवर फुकट मिळत होतं. चित्र दिसतं, खाली शब्द, तो मोठ्याने वाचायचा. फोनमधली एक गोड आवाजाची बाई ऐकते आणि बरोबर असेल तर चांदणी देते. काकू कारखान्यातून आल्या की जिन्यात बसायच्या, कारण घरात टीव्ही चालू असायचा आणि फोनमधल्या बाईला त्यातल्या बायकांचंही ऐकू यायचं. क, ख, ग, घ चार दिवसांत उरकलं. कापडाचे साचे अकरा वर्षं डोळ्यांत ठेवणाऱ्या बाईला अक्षरांचे साचे जड गेले नाहीत. ख म्हणजे र आणि व एकमेकांना शिवलेले, हा शोध त्यांचा स्वतःचा.

मग च आला. पहिला शब्द चहा. चांदणी मिळाली. दुसरा चिमणी. चांदणी. तिसरा चाक.

"चाक," काकू म्हणाल्या.

"तुम्ही म्हणालात, 'साक'," फोनमधली बाई म्हणाली. "पुन्हा प्रयत्न करा."

"मी कशाला साक म्हणू? चाक!"

"तुम्ही म्हणालात, 'साक'. पुन्हा प्रयत्न करा."

अकरा दिवस काकू त्या चाकाखाली अडकून पडल्या. हळू म्हणून पाहिलं, ओरडून पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात येऊन, चाक पंक्चर झालंय का, अशी चौकशी केली. पुढे जाऊन ज पाहिला, तर तिथेही तेच. जीभ चाले, जाळी अडे. म्हणजे परीक्षेचा घास घशात अडकणार हे उघड होतं, कारण शिलाईचा सगळा संसारच या अक्षरांवर उभा आहे. टाचणी, खाच, साचा, काज, जोड, चुणी, झालर. चार या शब्दात चहातला च असतो आणि पाच या शब्दात चाकातला. हे दोन वेगळे आहेत असं काकूंना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागलंही नव्हतं. लिहिताना मात्र दोघांना एकच अक्षर, आणि फोनमधल्या बाईने त्यातला एकच ऐकला होता.

"मेलीच्या कानात मळ झालाय," काकू बाराव्या दिवशी म्हणाल्या.

"तिला तो च ऐकूच येत नाही आजी," नात म्हणाली. ती पायरीवर बसून पेन्सिलीला टोक करत होती.

"कुठला च?"

"दातातला. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये. मशीनशी बोलताना सगळीकडे चहातला च म्हणायचा. बाईंशी बोलताना आपला आपला."

"आणि तुमच्या बाई काय म्हणतात?"

"बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने लिहिलं की मुलांचे उच्चार सुधारा."

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग नातीकडे. "हे तू मला बारा दिवसांनी सांगतेस?"

"तू विचारलंच नाहीस. तू फक्त ओरडत होतीस."

आता प्रश्न असा होता की, सगळीकडे चहातला च घालून बोलायचं कसं. त्रेपन्न वर्षांची जीभ, तिला अचानक वळण कोण देणार. काकूंनी 'पाच' म्हणून पाहिलं. जिभेने सवयीने दात गाठले.

"असं बोलतं तरी कोण?" त्या वैतागून म्हणाल्या.

नात हसायला लागली. मग काकूही. उत्तर दोघींना एकदमच सुचलं होतं.

जाऊबाई लग्नानंतर आठ वर्षं एका मोठ्या शहरात होत्या, एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. तिथे त्यांच्या वरच्या बाईंची भाषा वेगळी होती. परत आल्या त्या तिचे च आणि ज घेऊन. चाक, चोर, चूक, पाच, काच, सगळ्यांत चहा. घरात वाढलेली पोरं म्हणायची, धाकटी काकू बोलायला लागली की चहाची तल्लफ येते. आणि या बोलण्याची हुबेहूब नक्कल करण्यात सबंध कारखान्यात एकाच बाईचा हात कुणी धरत नसे. वीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत, जाऊबाई हात धुवायला गेल्या रे गेल्या की, बायका टेबलाभोवती गोळा व्हायच्या आणि काकू सुरू व्हायच्या.

काकूंनी पदर सारखा केल्यासारखी खांद्यावरची ओढणी सारखी केली, हनुवटी बोटभर वर उचलली आणि फोनकडे बघून जाऊबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "चाक."

चांदणी आली. शिवाय फुगे उडाले.

पुढचे तीन आठवडे काकू जिन्यात जाऊबाई होऊन बसत. वाचन खरोखर येऊ लागलं. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, ग्रुपवरचे जुने निरोप. त्यांतले काही वाचल्यावर त्यांनी आपण पाठवलेले अंगठे मागे घेता येतील का असं नातीला विचारलं. फक्त एवढंच होतं की मनातल्या मनात वाचलं तर स्वतःच्या आवाजात, आणि मोठ्याने वाचलं तर जाऊबाईंच्या.

परीक्षा कारखान्यातच होणार आहे, सगळ्यांसमोर, आणि जाऊबाई तीन हातांवर उभ्या असणार आहेत, हे काकूंच्या लक्षात आदल्या दिवशी आलं.

"मग तिच्यासमोर कर की," नात म्हणाली.

"तुझ्या आजीची आणि तिची अजून बोलचाल आहे," काकू म्हणाल्या. "ती टिकवायची आहे."

परीक्षेच्या दिवशी मशिनं बंद ठेवली होती. जावईबापूंनी आधी स्वतः एक ऑर्डर वाचून दाखवली. 'टाचणी'वर टॅबलेटने त्यांना तीनदा परत पाठवलं. "नेटवर्क वीक आहे," ते म्हणाले आणि खिडकीजवळ सरकले.

"ताई, आधी तुम्ही," जाऊबाई म्हणाल्या. "मोठ्यांचा मान."

काकूंनी ठरवलं होतं की आपल्याच तोंडाने वाचायचं, होईल ते होईल. पडद्यावर पहिली ऑर्डर आली. त्यांनी ती सरळ, न अडखळता वाचली. अकरा वर्षं त्यांच्या कंगव्याच्या चित्रांवर शिवणाऱ्या बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. "स्कर्ट, गडद निळा. चुण्या पाच. लांबी एकोणतीस."

"तुम्ही म्हणालात, 'सुण्या पास'," टॅबलेट म्हणाला. "चूक."

दुसरी ऑर्डर शर्टाची होती. "काजं सहा. खिशाला जोड."

"तुम्ही म्हणालात, 'कादं सहा, खिशाला दोड'. चूक."

"वाचता येतंय पण उच्चार कच्चे आहेत," जावईबापू हळहळले. जाऊबाईंनी सहानुभूतीने मान हलवली. त्या मानेत सहानुभूती किती होती हे सांगणं कठीण आहे, पण नजर टेबलाच्या लांबीवर फिरत होती, घरात नवं कपाट कुठे बसेल हे बघावं तशी.

ती नजर काकूंनी पाहिली. दोन चुका झाल्या होत्या, तिसरीला जागा नव्हती. भिंतीशी धागे तोडायचं स्टूल होतं. काकूंनी ओढणी सारखी केली. हनुवटी बोटभर वर गेली.

"जाड कापड," त्या म्हणाल्या. "साचा क्रमांक चार."

पहिल्या शब्दालाच बायकांच्या लक्षात आलं. एकीने गळ्यातली टेप दातांत धरली. एक सुई शोधायला मशीनखाली गेली ती वर आलीच नाही. काजं-बटणंवाली भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचू लागली, आणि तिचे खांदे हलत होते.

"उत्कृष्ट!" टॅबलेट म्हणाला.

चौथी, पाचवी, सहावी. उत्कृष्ट, उत्कृष्ट, उत्कृष्ट. "बघा, एकदा आत्मविश्वास आला की!" जावईबापू टाळ्या वाजवत म्हणाले. जाऊबाई आधी काही वेळ नुसत्या ऐकत होत्या. हा आवाज ओळखीचा आहे एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची वेळ माणसावर फारशी येत नाही. नववी ऑर्डर संपता संपता त्यांचा चेहरा बदलला.

काकूंनी दहावीसाठी श्वास घेतला. त्याच क्षणी मागून खणखणीत आवाज आला.

"मी अशी बोलते?"

टॅबलेटने ऐकलं आणि पडद्यावर लिहिलं: 'मी अशी बोलते.' मग गोड आवाजात म्हणाला, "वाक्य ऑर्डरमधलं नाही, मोजलेलं नाही. एक संधी बाकी."

मशीनखालची बाईसुद्धा बाहेर आली. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. पडद्यावर होतं: झालर दुहेरी, खाच अर्धा इंच. अख्ख्या आयुष्यात त्यांनी जाऊबाईंची नक्कल इतकी काळजीपूर्वक कधी केली नव्हती.

"उत्कृष्ट! दहापैकी आठ. टेबलप्रमुखाचा आवाज नोंदवला आहे."

"धाकटीचं अजून व्हायचंय," काकू म्हणाल्या. त्यांना खरोखर काळजी वाटत होती, पण कुणाची ते त्यांनाही नीट ठरवता येईना.

"पहिली पास झाली की संपलं," जावईबापू म्हणाले. पण जाऊबाई पुढे आल्याच. टेबल गेलं होतं, निदान दहापैकी दहा घेऊन दाखवायचे होते. त्यांनी टॅबलेट असा उचलला की जावईबापूंनी दोन्ही हात पुढे केले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते, आणि त्या रागात मोठ्या शहरातली आठ वर्षं कुठल्या कुठे गेली. तोंडात आलं ते लहानपणचं, आईचं. दातातलं.

"चुण्या पाच!" त्या कडाडल्या.

"तुम्ही म्हणालात, 'सुण्या पास'. चूक."

"पाच!"

"चूक."

काकूंना राहवेना. त्या कानाशी जाऊन कुजबुजल्या, "धाकटे, चहातला म्हण. चहातला!"

जाऊबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मी कशी बोलते, ते तुम्ही मला शिकवताय?"

यावर मात्र कुणालाच हसू आवरलं नाही. जावईबापूही हसले, सगळे हसताहेत म्हणून.

तीन दिवस जावा-जावांचं बोलणं बंद होतं. पण रोज सकाळी साडेआठला टेबल उघडायचं तर काकूंना ऑर्डर वाचावीच लागे, आणि टॅबलेटने नोंदवलेला आवाज आता जाऊबाईंचा होता. काकू स्वतःच्या आवाजात बोलल्या की तो विचारे, "नवीन वापरकर्ता?" त्यामुळे रोज साडेआठला पॅकिंगच्या टेबलापासून दहा फुटांवर तोच खेळ, आणि बायका त्यासाठी दहा मिनिटं लवकर येऊ लागल्या. जावईबापूंनी वक्तशीरपणाबद्दल ग्रुपवर सगळ्यांचं अभिनंदन केलं.

चौथ्या दिवशी जाऊबाई टेबलापाशी आल्या. "मशीनपुढे करा. जेवताना नाही."

"कबूल," काकू म्हणाल्या.

बायका आठवडाभर नाराज होत्या. वीस वर्षांची करमणूक एका शब्दात गेली म्हणजे काय.

पुढच्या महिन्यात काकूंना ताप आला. टेबल नऊपर्यंत उघडलं नाही तर त्या दिवसाचं कापड दुसऱ्या कारखान्यात पाठवायचं, आणि असं दोनदा झालं की टेबलप्रमुख बदलायचा, असा जावईबापूंचा नवा नियम होता. एक खाडा काकूंच्या नावावर आधीच लागलेला होता. जाऊबाईंनी गप्प बसून नऊ वाजू दिले असते तर पुरे होतं. पावणेनऊला त्या टॅबलेटपुढे गेल्या आणि आपल्या रोजच्या बोलण्यात ऑर्डर वाचली.

'कापा' हिरवं झालं. पडद्यावर काकूंचं नाव आलं, खाली सुप्रभात, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: आवाज जुळतो, अठ्ठ्याऐंशी टक्के.

जाऊबाईंनी ते दोनदा वाचलं. दिवसभर त्यांनी कापड कापलं, पट्टीत पाव इंच जास्त सोडून. संध्याकाळी घरी न जाता त्या थेट थोरल्या जावेकडे गेल्या. काकू पांघरूण घेऊन पडल्या होत्या.

"टेबल उघडलं का?" काकूंनी आधी तेच विचारलं.

"उघडलं. ताई, मला एवढंच सांगा. माझा आवाज आणि मीच अठ्ठ्याऐंशी टक्के? उरलेले बारा कुठे गेले?"

काकू कोपरावर रेलून उठल्या. "ते मी वरून घातलेत."

"काय घातलंत?"

"सांगते. ती उशी दे इकडे. आणि 'जाड' म्हण बघू."

जाऊबाईंनी म्हटलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. "हं. यात नाक कमी पडतंय. उद्याही ताप उतरेलसं दिसत नाही, तेव्हा आजच घोटून घे. पुन्हा म्हण."